शिरस्त्राणाचे दान

आमच्या भायखळ्याची व घोड्यांची ओळख फार जुनी आहे. महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान 1883 साली तयार झाले. त्यापूर्वी मुंबईतील घोड्यांच्या शर्यती भायखळ्यासच होत असत. आज त्या जागी टापांचा आवाज ऐकू येत नाही. तथापि राणीच्या बागेत सहलीस गेलेल्या आमच्या बालवाचकांनी तेथे घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा पुतळा अवश्य पाहिला असेल. ज्या पुतळ्यावरून कोटातील एका भागास ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तोच हा पुतळा. 1965 साली तो तेथून हलवून भायखळ्यास आणण्यात आला. हा स्वार धातूचा आहे. शंभर वर्षे घोड्यावर बसला तरी त्यास पडण्याचे भय नाही. परंतु हाडामांसाचा स्वार पडतो. आणि तो स्वार आपल्या तिसरी-चौथीतील मुलांएवढा असेल तर त्याच्या पडण्याचा जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

मंगोलिया देशात दरवर्षी जुलै महिन्यात ‘नादाम’ नावाचा मोठा राष्ट्रीय उत्सव होतो. त्यातील घोड्यांच्या शर्यती आपल्या महालक्ष्मीसारख्या गोल मैदानावर होत नाहीत. उघड्या माळावरून दहा-पंधरा, कधी पंचवीस किलोमीटरपर्यंत घोडे दौडतात, आणि त्यांवर स्वार असतात ती लहान मुले व मुली. सात वर्षांखालील मुलास घोड्यावर बसवू नये, असा तेथील कायदा आहे. इंडोनेशियातील सुंबावा बेटावरही अशीच रीत असून तेथे बालस्वार खोगिरावाचून घोडा पळवितात. या मुलांची डोकी फुटू नयेत म्हणून दयाळू दाते त्यांस शिरस्त्राणे, म्हणजे ज्यांस आपण हेल्मेट म्हणतो ती, देऊ करतात. हे दान चांगले आहे, यात शंका नाही. परंतु दान देताना दात्याने एक गोष्ट विचारली पाहिजे, ती ही की, या पाठीवर मूलच का बसविले आहे? उत्तर अगदी साधे आहे. मूल हलके असते. हलका स्वार असला म्हणजे घोडा वेगाने धावतो. मुलाचा हलकेपणा मोठ्यांच्या जिंकण्याच्या उपयोगी पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

वाचक म्हणतील, मंगोलियाच्या गोष्टीशी आम्हां मुंबईकरांस काय कर्तव्य? आमच्याकडे घोड्यावर मुले बसवून शर्यती होत नाहीत. खरे आहे. परंतु गोपाळकाल्याच्या दिवशी भायखळा, लालबाग, परळ, दादर अथवा गिरगाव यांपैकी कोठेही उभे राहून मान वर करून पाहावे. थरावर थर चढतात, ढोलताशांनी रस्ता दुमदुमतो, आणि सर्वांच्या खांद्यांवरून अखेरीस जो वर जातो, तो कोण असतो? वरचा थर हलका असला म्हणजे खालच्यांस भार कमी होतो. म्हणून तेथेही हलके अंग लागते. घोड्याच्या पाठीऐवजी माणसांचे खांदे, एवढाच काय तो फरक.

आमचा या सणावर यत्किंचितही रोष नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगतो. आमच्या शाळेत नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात आणि दहीहंडी पाहावयास ती सारी एकाच कठड्यावर वाकतात. गिरणगावच्या चाळींतून वाढलेला हा खेळ आहे. खालच्या थरातील मनुष्य दिसत नाही, त्याचे नाव कोणी घेत नाही, परंतु तो हलला तर सारा मनोरा कोसळतो, हा धडा पुस्तकातून शिकविणे कठीण. 2022 साली महाराष्ट्र सरकारने यास साहसी खेळाचा दर्जा दिला. साहसी खेळ म्हटला म्हणजे त्यास साहसी खेळाची शिस्तही आली; आणि त्या शिस्तीचा पहिला नियम असा की, साहस ज्याचे त्याने, समजून उमजून करावे. दहा वर्षांच्या मुलास धोका समजत नाही. त्यास केवळ टाळ्या समजतात.

मागे एकदा गोपाळकाला होण्यापूर्वीच आमच्या सातवीच्या वर्गातील एक विद्यार्थी हातास प्लास्टर घालून शाळेत आला. विचारपूस करता कळले की, तो एका पथकात वरच्या थरावर चढत असे व सरावात खाली आला. “डोक्यास हेल्मेट नव्हते काय?” असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “आहे ना! नवे कोरे आहे. पण ते सणाच्या दिवशी घालायचे. सरावाला नसते. आणि मला ते मोठे होते, डोळ्यांवर येई.” मग थोडा थांबून तो हळूच म्हणाला, “कोणी वय विचारले तर चौदा पूर्ण सांग, असे सांगून ठेवले होते.” त्या मुलाचे वय तेव्हा बारा होते. त्याचा हात सहा आठवड्यांनी बरा झाला व तो आता पूर्ववत् चेंडू फेकतो, हे आमचे भाग्य. परंतु त्याच्या त्या तीन वाक्यांत या प्रश्नाचे सारे मर्म आहे असे आम्हांस वाटते. दान पोहोचले होते. परंतु ते मुलापर्यंत पोहोचले नव्हते.

शिरस्त्राण काय करू शकते व काय करू शकत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या तासास शिकलेल्या नियमाने पडताळून पाहावे. वीस फुटांवरून निसटलेली वस्तू साधारण सव्वा सेकंदाच्या आतच जमिनीस टेकते व त्या क्षणी तिचा वेग ताशी सुमारे 39 किलोमीटर असतो. 2012 साली ठाण्यात नऊ थरांचा जो मनोरा रचला गेला त्याची उंची जवळजवळ 44 फूट होती. तेवढ्या उंचीवरून सरळ खाली आल्यास हा वेग ताशी 58 किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे शर्यतीचा घोडा भरधाव सुटला असता ज्या वेगाने धावतो, जवळजवळ त्याच वेगाने ते मूल भूमीकडे येईल. खाली माणसांची दाटी असते म्हणून पुष्कळदा ते झेलले जाते. परंतु पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे.

हेल्मेटच्या आत जो फेसासारखा हलका थर असतो, तो आघाताच्या वेळी स्वतः चिरडला जातो व डोके थांबण्यास क्षणाचा एक अंश अधिक मिळवून देतो. त्या अंशामुळे मेंदूवरील आघात सौम्य होतो. ही त्याची मोठी कामगिरी होय, आणि तेवढ्यासाठी तरी ते अवश्य घातले पाहिजे. परंतु एकदा जोराचा मार बसला की तो थर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. ते हेल्मेट बदलावे लागते. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर पडण्याच्या आधी हेल्मेटच पडते. मापाहून मोठे असेल तर ते डोळे झाकते, आणि वर चढणाऱ्याचे डोळे झाकले म्हणजे आपणच संकटास बोलाविले. मोटारसायकलवर घालावयाचे जड हेल्मेट लहान मुलाच्या मानेस भार होते. शिवाय मान, पाठीचा कणा, मनगट यांचे रक्षण कोणतेही हेल्मेट करीत नाही.

याहून सूक्ष्म असा एक दोष दानातच दडलेला असतो. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट दिसले की पाहणाऱ्याचे मन निर्धास्त होते. आईची धास्ती थोडी कमी होते, पथकाचा प्रमुख आणखी एक थर वाढवावयास धजतो, आणि दाता आपले नाव कपाळावर छापलेले पाहून कर्तव्य पुरे झाले असे समजतो. अशा रीतीने जे मुलाच्या रक्षणासाठी दिले, तेच त्यास अधिक उंच चढविण्याचा परवाना होऊन बसते. दान वाईट नाही. परंतु दानाने मोठ्यांची विवेकबुद्धी झोपी जाऊ नये.

कायद्याने या बाबतीत काय सांगितले आहे? मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली अठरा वर्षांखालील मुलांस मनोऱ्यात घेऊ नये व उंची वीस फुटांहून अधिक नसावी असे ठरविले. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. पुढे 2017 साली उंचीची मर्यादा राहिली नाही. आणि चौदा वर्षांखालील मुलांस थरांवर चढू देणार नाही, अशी हमी सरकारने उच्च न्यायालयास दिली. तरीही 2025 च्या ऑगस्ट महिन्यात दहिसर येथे सरावाच्या वेळी वरच्या थरावरून पडून अकरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. चौदा हा आकडा कागदावर होता; परंतु सरावाच्या त्या रात्री तो कोणाच्याही ओठांवर आला नाही.

“मूल काढून घेतले तर खेळाची शोभा जाईल, परंपरा मोडेल,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही दोन उदाहरणे सांगू. अरबस्तानातील आखाती देशांत उंटांच्या शर्यती जुन्या काळापासून चालत आल्या आहेत. तेथे उंटांवर बसविण्यासाठी पाकिस्तान, बांगलादेश, सुदान इत्यादी देशांतून कोवळी मुले नेली जात. 2005 साली संयुक्त अरब अमिरातींनी अठरा वर्षांखालील स्वारास कायद्याने बंदी केली व शेकडो मुले मायदेशी परत पाठविण्यात आली. उंटांच्या पाठीवर मुलांच्या जागी दुरून चालविता येणारे लहानसे यंत्र बसविण्यात आले. शर्यती बंद पडल्या काय? मुळीच नाही, त्या आजही होतात. पाठीवरून मूल उतरले, परंपरा उतरली नाही.

दुसरे उदाहरण स्पेनमधील कातालोनिया प्रांताचे. तेथेही आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात व शिखरावर लहान मूल चढते. 2006 साली तेथे एका बारा वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांवरील मुलांसाठी खास हेल्मेट वापरण्याची रीत तेथे पडली. ते हेल्मेट असे की, घालणाऱ्याचे रक्षण व्हावे आणि ज्यांच्या अंगावरून तो चढतो व ज्यांवर पडेल त्यांसही इजा होऊ नये. तेथे मुले अद्याप चढतात, त्यामुळे त्यांचा सर्वच मार्ग आम्हांस मान्य आहे असे नाही. परंतु त्यांनी हेल्मेट ही सणाच्या दिवसाची सजावट मानली नाही, एवढे तरी आपण त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. “मुले चढणारच, मग निदान हेल्मेट तरी असू द्या,” असे काही कनवाळू लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, अवश्य असू द्या. जे मूल आज रात्री चढणार आहे, त्याच्या डोक्यावरचे हेल्मेट तत्त्वासाठी काढून घेणारा मनुष्य निर्दय होय. परंतु “चढणारच” हा शब्द कोणाचा? मूल आपण होऊन चढत नाही. त्यास खांदे देणारे मोठे असतात. सर्वांत खालच्या थराने नाही म्हटले तर वरचा थर उभाच राहत नाही. म्हणून या बाबतीत अगतिकतेची भाषा मोठ्यांच्या तोंडी शोभत नाही.

तेव्हा दात्यांस आमची अशी नम्र सूचना आहे. हेल्मेट द्या, परंतु ते देण्यापूर्वी शाळेचा दाखला पाहा; चौदा पूर्ण न झालेल्यास हेल्मेट नव्हे, खाली उभे राहून ढोल वाजविण्याचा मान द्या. चौदा वर्षांवरील प्रत्येकाच्या डोक्याचे माप घेऊन मगच खरेदी करा. सराव गुरुपौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. म्हणून दान त्या दिवशी पोहोचले पाहिजे, गोकुळाष्टमीच्या आदल्या सायंकाळी नव्हे. हेल्मेटबरोबर जाड गाद्या व वरच्या गड्याच्या कमरेस बांधावयाचा दोरही द्या. आणि कपाळावर नाव छापावयाचेच असेल तर आपले न छापता त्या मुलाचे छापा; म्हणजे ते हेल्मेट कोणाचे, याविषयी कोणास संशय राहणार नाही.

पालकांस आम्ही उपदेश करावा एवढा आमचा अधिकार नाही. चाळीतील मंडळी घरी येऊन “तुमचा धाकटा हलका आहे, द्या ना आम्हांस,” असे म्हणतात, तेव्हा नाही म्हणणे किती कठीण असते, हे आम्ही जाणतो. शेजाऱ्यास दुखवावेसे वाटत नाही, पथकाच्या उपकारांचेही स्मरण असते. परंतु गोपाळकाल्याच्या रात्री जे. जे. आणि के. ई. एम. या आपल्या जवळच्या रुग्णालयांच्या दाराशी बसलेल्या माता ज्यांनी एकदा पाहिल्या, त्यांस तो नकार तितका कठीण वाटणार नाही.

आता आमच्या विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुम्ही भित्रे व्हावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तालमीत जा, मल्लखांब करा, मोठे झालात म्हणजे सर्वांत खालच्या थरात छाती काढून उभे राहा. परंतु कोणी तुम्हांस वय वाढवून सांगावयास शिकविले तर तेथेच ओळखा की, त्या मनुष्यास तुमचे शौर्य नको आहे, तुमचे वजन हवे आहे. खरे वय सांगण्यास जे धैर्य लागते, ते सातव्या थरावर चढण्याच्या धैर्याहून कमी नाही.

आमच्या त्या सातवीतील विद्यार्थ्याने आपले हेल्मेट पुढे पथकास परत केले. “मला बसेल तेव्हा मागून घेईन,” असे तो म्हणाला. पुढच्या वर्षी आम्ही त्यास रस्त्याच्या कडेस ताशा वाजविताना पाहिले. हंडी त्या वर्षीही फुटली.