संगणकाचा पंचनामा

आमच्या शाळेच्या कार्यालयात लिनक्सवर चालणारा एक जुना, परंतु कामसू संगणक आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी, हजेरी, गुणपत्रके सारे त्याच्याच पोटात. गेल्या वर्षी ऐन निकालाच्या दिवसांत हा संगणक चालता चालता बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. दोनदा तर भरलेले गुण नाहीसे झाले. संगणकाचे काम पाहणारा तरुण कंत्राटी शिक्षक प्रत्येक वेळी तेथे हजर असल्यामुळे ठपका त्याच्यावर आला. "घाईत बटण दाबतो," असे कार्यालयात उघड बोलले जाऊ लागले. लपवीत नाही, त्याला द्यावयाच्या ज्ञापनाचा मसुदा मीही लिहून ठेवला होता.

सही करण्यापूर्वी एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो हैदराबादेत याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने विचारले, "सर, कर्नेलचा डंप मिळाला का?"

वाचकहो, हा 'कर्नेल' म्हणजे पलटणीतील कर्नल नव्हे. फळाच्या कोयीतील गर, तसा हा संगणकप्रणालीचा गाभा. स्मृती, तबकडी, कळफलक या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. गाभ्यालाच असाध्य चूक आढळली की तो सारे व्यवहार थांबवितो. त्या क्षणी स्मृतीत जे काही असेल त्याची नक्कल म्हणजे 'डंप', आपल्या भाषेत पंचनामाच.

परंतु ही नक्कल उतरवून घ्यावी कोणी? पूर्वी कोसळलेला गाभाच ती तबकडीवर लिहू पाहत असे. ज्याची शुद्ध हरपली त्याच्याच हाती लेखणी! २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत 'केडंप' नावाची निराळी योजना आली. तीत संगणक सुरू होतानाच थोडी स्मृती राखून ठेवतात आणि तेथे दुसरा, छोटा गाभा निजवून ठेवतात. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याची स्मृती जशीच्या तशी वाचून फाइलीत उतरवितो. एरिक बीडरमन यांच्याबरोबर विवेक गोयल यांचेही या कामात नाव आहे.

आमच्या संगणकावर ही सोय बंदच होती. ती सुरू केली, राखीव स्मृतीचा आकडा घातला, संगणक पुन्हा चालू केला. मला वाटले, काम झाले. विद्यार्थी म्हणाला, "सर, परीक्षा घेतल्याखेरीज उत्तीर्ण कसे करता?" आयुष्यभर परीक्षा घेणाऱ्याला हे ऐकावे लागले. मग रविवारी सर्व नोंदींची प्रत काढून, कोणी काम करीत नसताना, मुद्दाम एक आज्ञा देऊन गाभा कोसळविला. दुसरा गाभा जागा झाला खरा, पण राखीव १२८ मेगाबाइट त्याला पुरेनात; तोही तेथेच आडवा! फाइल आलीच नाही. २५६ केल्यावर दुसऱ्या खेपेस ती मिळाली. हा प्रयोग चालू कामात कोणी करू नये. तबकडीवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, हेही आधी पाहावे.

पुढल्या पंधरवड्यात संगणक तीनदा कोसळला आणि तीन पंचनामे हाती आले. येथेच माझा मसुदा निकालात निघाला. बटण दाबून वीज तोडली तर दुसऱ्या गाभ्याला जागे होण्यास अवधीच मिळत नाही. फाइल उरत नाही. येथे तर तिन्ही वेळा फाइल होती.

त्या वाचण्यासाठी 'क्रॅश' नावाचे साधन लागते, आणि गाभ्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीची खुणांची फाइल. मधल्या काळात आमचा गाभा अद्ययावत झाला होता. जुन्या खुणा घातल्या तर साधनाने वाचायलाच नकार दिला. योग्य जोडी मिळाल्यावर शेवटच्या क्षणांची नोंदवही उघडली. पहिल्या वेळी गाभा फाइली लिहिण्याच्या कामात कोसळला होता, दुसऱ्या वेळी जाळ्यावरून माहिती घेताना, तिसऱ्या वेळी स्मृती मोकळी करताना. मला वाटले, तीन दोष. विद्यार्थ्याचा तर्क उलटा: प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी कोसळता तर त्या ठिकाणच्या प्रणालीवर संशय घेतला असता, रोज निराळी भिंत खचते तेव्हा पाया पाहावा. स्मृतीची तपासणी रात्रभर चालविली. सकाळी पडदा चुकांनी भरलेला होता. स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली.

जाता जाता एक सांगतो. पंचनाम्याची फाइल विक्रेत्याने मागितली तरी सहजासहजी देऊ नये. तीत मुलांच्या नोंदी आणि परवलीचे शब्दही असू शकतात. नक्कल करतानाच वापरकर्त्यांची पाने गाळण्याची सोय आहे, ती वापरावी. तरीही गाभ्याची स्वतःची पाने उरतातच.

पट्टी बदलली. त्या दिवशी शिक्षकाला खोलीत बोलावून मसुदा त्याच्यासमोर फाडला आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, मला ठाऊक होते, पण सिद्ध कसे करणार होतो?" हल्ली गाभा अद्ययावत झाला की पुढल्या रविवारी तो व मी मिळून संगणक एकदा मुद्दाम कोसळवितो, आणि फाइल आल्यावरच चहा मागवितो.