कुंडातून थेट धबधब्याखाली? जरा थांबा!

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी किंवा आरवलीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान, मार्लेश्वराचे दर्शन आणि वाटेत एखाद्या धबधब्याखाली भिजणे. सोबत वाटाड्या असतो, जेवणाची सोय असते. पण कोणाला रक्तदाब आहे, कोणाला मधुमेह आहे, हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

पावसाचे पाणी भेगांमधून जमिनीत खोलवर मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्यात गंधकाचा वास आणि क्षार असतात. अशा पाण्यात बसल्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांधेदुखीला तात्पुरता आराम मिळतो. एवढे खरे. मात्र त्याने सोरायसिस किंवा संधिवात मुळापासून बरा होत नाही. कुंडाच्या भरवशावर गोळ्या बंद करणे महागात पडू शकते.

गरम पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. झटकन उठून उभे राहिले की डोळ्यांसमोर अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक, आणि मद्य घेतले असेल तर विचारायलाच नको. त्यानंतर लगेच थंडगार धबधब्याखाली उभे राहिले की त्याच रक्तवाहिन्या एकदम आकुंचन पावतात, श्वास अडखळतो, हृदयावर ताण येतो. तरुणाला ती गंमत वाटते. हृदयरुग्णाला ती जिवावर बेतू शकते.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही सेकंदांतच कातडी भाजते. म्हणून पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, तापमापकाने घ्यावा. ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात दहा मिनिटे पुरेशी आहेत. गर्भवतींनी व लहान मुलांनी कुंडात उतरू नये. डोके पाण्याखाली घालू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार दुर्मीळ आहे, पण बहुधा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये अलीकडे त्याचे रुग्ण आढळले आहेत.

धबधब्याचे धोके वेगळे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ झाले, आवाज वाढला की त्याच क्षणी बाहेर पडायला हवे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जावे आणि सहलीचे आवर्जून सांगावे.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. नोंदणीच्या वेळी आजार आणि औषधांची चौकशी, वाटाड्याजवळ साधा तापमापक, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, कुंड आणि धबधबा यांत किमान तासाभराचे अंतर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक आणि १०८ची माहिती. सहल कंपन्यांना एवढे सक्तीचे करायला काय हरकत आहे?

आणि पर्यटकांनीही एक पाळावे. वाटाड्या ‘आज धबधबा नाही’ म्हणाला, तर पैसे परत मागत त्याच्याशी हुज्जत घालू नये. नाही म्हणण्याची हिंमत असलेला वाटाड्या हीच त्या सहलीतली सर्वांत मोलाची सोय असते.