‘घरीच असते’ तिचाही हिशेब असतो

जनगणनेच्या कामाला आम्ही शिक्षक मंडळी घरोघर जातो, तेव्हा एक उत्तर ठरलेले असते. घरातली बाई काय काम करते, असे विचारले की दारातून जबाब येतो, “काही नाही, घरीच असते.” त्याच वेळी आत कुकरची शिट्टी वाजत असते, धाकट्याचा सबक घेणे चालू असते आणि सासूबाईंना औषध द्यायची वेळ झालेली असते.

हे उत्तर नुसते बोलण्यापुरते राहिले असते तर आम्ही त्यावर लिहिले नसते. पण अशी बाई रस्त्यावरच्या अपघातात अल्लाहला प्यारी झाली की घरचे लोक तोच जबाब वकिलालाही देतात. “ती कमावत नव्हती, मग भरपाई कशाची मागायची?” पुष्कळ घरे या एका समजुतीपायी दावाच करीत नाहीत. कायदा मात्र असे मानत नाही.

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि ६० जण गेले. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. भरपाई ठरवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवले. त्यांनी काही गृहिणींच्या कामाचे मोल वर्षाला १२,००० रुपये धरले. २००१ च्या निकालात न्यायालयाने ते कमी ठरवले आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये धरले.

२०१० च्या एका निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी तर जनगणनेवरच बोट ठेवले. २००१ च्या मोजणीत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, ‘उत्पादक काम न करणारे’ म्हणून बसवले होते. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. दिल्लीत मोटारसायकलवरून जाणारे नवरा-बायको अपघातात गेले होते. उच्च न्यायालयाने २२ लाखांवर आणलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ३३ लाख २० हजार केली. त्या निकालात २०१९ च्या सरकारी पाहणीचा आधार आहे: बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही पुढची वाढ धरली पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

हा हिशेब कसा बसतो ते पाहू. समजा, ३५ वर्षांची बाई गेली. मागे नवरा आणि तीन मुले. तिच्या कामाचे मोल महिन्याला ८,००० रुपये धरले. चाळिशीच्या आतले वय म्हणून भविष्यातील वाढ ४० टक्के, झाले ११,२००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा, उरले ८,४००. वर्षाचे १,००,८००. या वयाला १६ चा गुणक लागतो. एकूण १६,१२,८०० रुपये. दफनविधी वगैरेची रक्कम याच्यावर वेगळी. ती शिवणकाम किंवा शिकवणी करीत असेल तर त्याचाही पुरावा जोडावा.

आता मुदतीची गोष्ट. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि दिवस अपघाताच्या तारखेपासून मोजतात. नवरा गेला तर आपल्याकडे बेवा चार महिने दहा दिवस इद्दतीत असते. इद्दत संपेपर्यंत कोर्टाचे नाव काढायचे नाही म्हटले तर हातात दोन महिनेही उरत नाहीत. पण वकीलपत्रावर सही घरी बसूनही होते. वकिलाला घरी बोलवा, कागद दीर किंवा भाऊ आणून देईल. निकडीच्या कामासाठी दिवसा बाहेर पडण्याबद्दल आपल्या मोहल्ल्यातील आलिमांना विचारून घ्या. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात पुण्याला झाला आणि घर चिपळूणला असले, तरी आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात तो करता येतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला आणि रेशनकार्ड यांच्या प्रती आधी गोळा कराव्यात. वकिलाच्या फीची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. तिथे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. दहाव्या-विसाव्याच्या गर्दीत कोणी अनोळखी माणूस कोरा कागद पुढे करून “सही करा, पैसे मिळवून देतो” म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

काही घरांत आम्ही ऐकतो, “मय्यतीचे पैसे आम्हाला नकोत.” त्यामागचे दुःख आम्हाला कळते. पण चुकून झालेल्या मृत्यूसाठी वारसांना दियत देण्याची तरतूद आपल्या शरियतमध्येही आहे. ही भरपाई माणसाची किंमत नसते. जी बाई मुलांना जेवू घालून, शाळेत धाडून, रात्री त्यांच्या उशाशी जागत होती, तिच्या जाण्याने त्या मुलांचे जे नुकसान झाले त्याची ती भरपाई आहे. तो मुलांचा हक आहे, आणि लाजेपायी किंवा आळसापायी तो सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या वेळी जनगणनावाला दारात आला आणि घरच्या बाईचे काम विचारू लागला, तर उत्तर जरा थांबून द्यावे, एवढी आमची विनंती.