विश्लेषण : घरी बांधलेल्या गाडीचे पासिंग का होत नाही?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा एक व्हिडीओ देशभर फिरला. फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका कारागिराने जुन्या गाड्यांचे आणि भंगारातले भाग जोडून मुलासाठी छोटी चारचाकी बनवली होती. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले, की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती अडवतील. तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. बोलेरोला हार घातलेले फोटो आले आणि विषय संपला.

खरे तर प्रश्न तिथे सुरू व्हायला हवा होता. समजा, त्या कारागिराने हात जोडून सांगितले असते, ‘साहेब, मला माझीच गाडी हवी,’ आणि ती घेऊन तो आरटीओत गेला असता, तर त्याने कोणता फॉर्म भरायचा होता? उत्तर असे, की त्याच्यासाठी फॉर्मच नाही. आपल्या कायद्यात घरी गाडी बांधणे गुन्हा आहे असे कुठे लिहिलेले नाही. मात्र अशी एकटी गाडी नोंदवण्याचा रस्ताही कुठे लिहिलेला नाही.

अर्ज अडतो कुठे?

नव्या गाडीची नोंदणी फॉर्म २० वर होते. सोबत फॉर्म २१ म्हणजे विक्रेत्याचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य आहे हा उत्पादकाचा दाखला, विमा आणि पत्त्याचा पुरावा. घरी बांधलेल्या गाडीला विक्रेता नाही, त्यामुळे फॉर्म २१ तिथेच गळतो. फॉर्म २२ चे काय? गाडी मीच बनवली म्हणजे उत्पादक मीच, असे म्हणता येईल. पण ते म्हटले की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२६ समोर उभा राहतो. उत्पादकाने गाडीचा नमुना सरकारमान्य चाचणी संस्थेकडे द्यायचा आणि ती सगळ्या कसोट्यांना उतरली की त्या मॉडेलला मान्यता घ्यायची, असा हा नियम आहे.

या संस्थांची नावे वाचली तर महाराष्ट्राच्या माणसाला घरच्यासारखे वाटेल. पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. म्हणजे देशातल्या गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत. देवराष्ट्रेहून पुणे फार लांबही नाही. अडचण अंतराची नसून परीक्षेची आहे. ही परीक्षा एका साच्यातून हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी बेतलेली आहे. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या कार मॉडेलला समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहण्याची चाचणी सक्तीची आहे. कारखान्याला नमुन्याच्या दोन-चार गाड्या चेंदामेंदा झाल्या तरी फरक पडत नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्याने धडकेच्या चाचणीत पास होऊन नोंदवायचे काय?

मोठ्यांनाही ही साचेबंद व्यवस्था चुकत नाही. बजाजने २०१२ मध्ये दाखवलेली छोटी चारचाकी आठवते? ती रिक्षात बसेना आणि कारमध्येही बसेना. तिच्यासाठी ‘क्वाड्रिसायकल’ हा नवा वर्ग तयार झाला, २०१८ च्या अखेरीस खासगी वापराची वाट मोकळी झाली आणि २०१९ मध्ये ‘क्यूट’ या नावाने ती इथे विकायला आली. आकुर्डीच्या कंपनीला सात वर्षे लागली. गावातल्या कारागिराने किती वर्षे थांबायचे?

कायदा कडक आहे, पण उगाच नाही

एवढे वाचून कोणी म्हणेल, नोकरशाहीने पुन्हा एका हुन्नरी माणसाचे पंख छाटले. मला ते तितकेसे पटत नाही. व्हिडीओत गाडीबरोबर फक्त तिचा मालक दिसतो. रस्त्यावर शाळेत जाणारी पोरे असतात, बाजारहून परतणाऱ्या बायका असतात. ब्रेकच्या पाइपचे वेल्डिंग निघाले तर किंमत त्यांना मोजावी लागते.

उत्तर भारतात डिझेल पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून ‘जुगाड’ नावाची वाहने सर्रास चालत. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जुगाड हेदेखील मोटार वाहनच आहे आणि नोंदणी, विमा, परवाना या अटी त्यालाही लागू होतात, असा निकाल २०१३ मध्ये आला. निकाल योग्यच होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. नोंदणी नाही, मान्य चासी नंबर नाही, तर विमा उतरवणार कोण? विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. साठ हजारांत गाडी बनवणाऱ्याकडून लाखांची भरपाई वसूल होईल, असे समजणे म्हणजे जखमी माणसाची थट्टा आहे.

दंडाचेही पाहून घ्या. नोंदणीशिवाय गाडी चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड, त्यानंतर पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘मी फक्त शेतातच फिरवतो’ ही पळवाट लोकांना पक्की वाटते. कलम ३९ च्या मजकुरात मात्र सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणतीही जागा’ हे शब्दही आहेत.

पण दार बंद ठेवल्याने अशा गाड्या बनायच्या थांबत नाहीत. त्या मागच्या दाराने येतात. जुन्या, मोडीत निघालेल्या जीपचे आरसी बुक मिळवायचे, तिच्या चासीचा तुकडा जोडायचा आणि त्या नंबरावर सगळी नवी गाडी उभी करायची, हा उद्योग या क्षेत्रातल्यांना नवा नाही. कागदावर तीस वर्षांपूर्वीची जीप, रस्त्यावर भलतेच काही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येणार नाही. म्हणजे ही वाटही बेकायदाच. आणि धोकादायक जास्त, कारण अशा गाडीचे ब्रेक तपासायला कोणीच येत नाही. कागद जुन्या जीपचे असतात ना!

ब्रिटन आणि कॅलिफोर्निया काय करतात?

आपल्याकडे ‘किट’ म्हटले की सीएनजी आठवतो. तिकडे ‘किट कार’ म्हणजे सुटे भाग खोक्यांतून विकत आणून घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली गाडी. ब्रिटनमध्ये ही हौस करामुळे वाढली. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. १९५७ मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ त्यामुळे संच म्हणून खपली. किस्सा असा सांगतात, की संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचे. पळवाटा शोधण्यात आपणच पुढे असतो असे नाही.

तिथल्या सरकारने हौस मोडून काढण्याऐवजी तिची परीक्षा ठरवली. आज ती ‘वैयक्तिक वाहन मान्यता’ म्हणून ओळखली जाते. मॉडेलला नव्हे, त्या एका गाडीला मान्यता. निरीक्षक ब्रेक, दिवे, आरसे, सीटबेल्टचे खिळे कशात ठोकलेत, स्पीडोमीटर खरा वेग दाखवतो का, धूर आणि आवाज किती, सगळे पाहतो. गाडीच्या बाहेरच्या कडा पादचाऱ्याला कापणार नाहीत इतक्या गोलसर आहेत का, तेही मोजतात. अडीच मिलिमीटर त्रिज्येचे माप प्रसिद्ध आहे. गाडी मोडून पाहत नाहीत. पास झाली की नोंदणी. ज्या गाडीचे वय किंवा मूळ ठरवता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते. ती पाहूनच पुढचा खरेदीदार सावध होतो.

अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे आणि तिथे दोन कागद वेगवेगळे असतात. ‘टायटल’ म्हणजे गाडी कोणाची, ‘रजिस्ट्रेशन’ म्हणजे ती रस्त्यावर आणायची मुभा. आपल्याकडे दोन्ही कामे एकटे आरसी करते, म्हणून आपल्याला हा फरक चटकन जाणवत नाही. घरी बांधलेल्या गाडीत मालकीचा प्रश्न आधी येतो. इंजिन एकाकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, सांगाडा तिसऱ्याकडून. यातले चोरीचे काही नाही कशावरून? कॅलिफोर्नियात म्हणून बांधणाऱ्याचे निवेदन, इंजिन, सांगाडा, गिअरबॉक्स, बॉडी यांच्या पावत्या आणि ब्रेक-दिव्यांचा दाखला मागतात. गाडी प्रत्यक्ष पाहून तिला ओळख क्रमांक दिला जातो. धुराच्या नियमांत सवलत हवी असेल तर वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच ती मिळते. सवलत मात्र फारच सढळ आहे. गाडी कोणत्याच जुन्या मॉडेलसारखी दिसत नसेल तर ती धुरासाठी १९६० सालची समजतात! दिल्ली-मुंबईची हवा पाहता हा भाग आपण बिलकूल उचलू नये. संख्येची मर्यादा तेवढी उचलण्यासारखी आहे.

अपवाद करायचा नाही, असे आपले धोरण आहे का?

नाही. आपण अपवाद करतो, फक्त कोणासाठी ते पाहावे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने परदेशी कंपन्यांना वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथे पुन्हा चाचणी न करता आणायची मुभा दिली. युरोप, जपान अशा ठिकाणची मान्यता पुरेशी मानली. तर्क बरोबर आहे, एकदा तपासलेली गाडी पुन्हा कशाला तपासायची? त्याचा लाभ महागड्या आयात गाड्यांना झाला. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, राज्य पातळीवर तपासणी समिती, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. छोट्या गटासाठी छोटे, नीट कुंपण घातलेले दार कसे करायचे, हे आपल्या परिवहन मंत्रालयाला चांगले कळते.

कारागिराच्या कामावर विश्वास ठेवायचीही आपल्याला सवय आहे. कंपनीकडून नुसती चासी घेऊन स्थानिक कारखान्यात बॉडी बांधलेले ट्रक आणि बस देशभर धावतात. त्यासाठी फॉर्म २२-अ आहे, अर्धा चासीवाल्याने आणि अर्धा बॉडी बांधणाऱ्याने भरायचा.

म्हणून माझे म्हणणे असे, की व्हिंटेजच्या धर्तीवर ‘स्वनिर्मित वाहन’ असा वर्ग करावा. एका व्यक्तीला एकच, राज्यागणिक वर्षाला ठरावीक संख्या, काही वर्षे विक्रीला मनाई. वेगाला मर्यादा आणि महामार्गावर बंदी घालून धडकेची चाचणी माफ करावी, पण ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, दिवे यांत तसूभरही सूट नको. इंजिन कागदपत्रे असलेल्या बीएस-६ गाडीचे किंवा गाडी विजेवरची. तपासणी आरटीओच्या आवारात एजंटांच्या गर्दीत नको. पुण्याच्या आणि अहिल्यानगरच्या संस्थांत महिन्यातले ठरावीक दिवस राखून ठेवावेत.

सगळ्यात मोठा आक्षेप मला माहीत आहे : उद्या वडापवाले याच नंबरावर दहा-दहा माणसे कोंबतील. भीती खरी आहे. म्हणून आसने दोनच ठेवावीत आणि भाड्याने चालवल्यास नोंदणी कायमची रद्द व्हावी. दुसरी अडचण मात्र आजच सुटणारी नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या गिअरबॉक्सची पावती कोण देतो? पावती नसेल तर मालकी सिद्ध होत नाही आणि मग बाकी सगळे व्यर्थ. ज्यांना ही हौस आहे त्यांनी आजपासून प्रत्येक भागाचे बिल, जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि बांधणीचे तारखेसह फोटो जपावेत. आज त्यांचा उपयोग नाही, पण नियम आलाच तर पहिल्यांदा हीच फाइल मागतील.

हे काम राज्याच्या परिवहन आयुक्तांच्या हातातले नाही. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यातील कलम ११०-ब मध्ये मान्यतेशिवाय गाडी सार्वजनिक जागी वापरता येणार नाही असे म्हटले आहे. त्याच कलमाच्या परंतुकात केंद्र सरकारने सूट दिलेली वाहने वगळली आहेत. म्हणजे संसदेत जायची गरज नाही. मसुदा अधिसूचना काढून हरकती मागवल्या की प्रक्रिया सुरू होते. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी दरवर्षी पिथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात, त्यांचे ब्रेक आणि सांगाडे तिथे काटेकोरपणे तपासले जातात. मसुद्यातले तपासणीचे निकष ठरवताना त्या तपासनिसांना बोलवावे, आणि देवराष्ट्रेच्या त्या कारागिरालाही.