‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ : खरंच मिळाला का?

तहसील कचेरीत अर्ज द्यायला जाताना आपल्या घरातली जुनी माणसं दोन प्रती नेतात. एक आवक खिडकीत देतात आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून हलत नाहीत. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं उद्या ऐकावं लागतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे. आपण आपल्या संस्थांच्या वेबसाइट केल्या आणि नेमकी ही पोच विसरलो.

अलीकडेच यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट तपासायला घेतली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं, घरगुती वादात कायद्याचा सल्ला मिळवून देणं हे तिचं काम. ‘लोक फॉर्म भरतच नाहीत’, असं कार्यकर्ते म्हणत होते. मी फॉर्म भरला. ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असं उत्तर स्क्रीनवर आलं. संस्थेच्या इनबॉक्समध्ये काहीच नव्हतं, स्पॅममध्येही नव्हतं. काही महिन्यांपूर्वी होस्टिंग बदललं, तेव्हापासून एकही संदेश आला नव्हता. त्या काळात किती जणांनी लिहिलं, हे आता कळणार नाही, कारण फॉर्म संदेश कुठेच जपून ठेवत नव्हता. दिग्रसकडची एक विद्यार्थिनी मात्र नंतर फोनवर म्हणाली, ‘सर, मी लिहिलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाही.’ तोवर तिच्या अर्जाची मुदत संपली होती.

फॉर्मच्या ‘मिळाला’चा अर्थ एवढाच असतो की, पत्र आपल्याच सर्व्हरकडे सोपवलं गेलं. ते पुढे कुणी स्वीकारलं का, याची फॉर्मला खबर नसते.

ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीनं जातो, ती १९८२ची. तेव्हा पाठवणारा खरा की तोतया, हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. फसवे ईमेल वाढले तशी ही तपासणी वरून जोडली गेली. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावानं पत्र पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. पत्र या तपासणीत उतरलं नाही तर त्याचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलनं लहान-मोठ्या सर्वच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम बंधनकारक केलं आणि दिवसाला ५,०००हून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही.

आपले फॉर्म इथेच अडतात. बरेच जण ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकतात. म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं सही करतो, आणि पलीकडचा सर्व्हर त्याला तोतया समजतो. ‘फ्रॉम’मध्ये आपल्या डोमेनचा पत्ता हवा, भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. साइट वर्डप्रेसवर असेल, तर एसएमटीपीचं प्लगइन घालून खऱ्या मेल खात्यात लॉगिन करून ईमेल पाठवा. मग डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करा. होस्टिंग बदललं की या नोंदीही बदलाव्या लागतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या तर तपासणीच फसते.

एवढं करूनही ईमेलवर पूर्ण भरवसा ठेवू नका. प्रत्येक संदेश साइटच्या डेटाबेसमध्येही नोंदवा. हेच आपलं आवक रजिस्टर. त्यात कुणाच्या तलाकची, कुणाच्या मारहाणीची हकीकत असू शकते, म्हणून ते मोजक्या दोघा-तिघांनाच उघडता यावं आणि काम संपलं की नोंद पुसली जावी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, कुणीतरी बाहेरच्या फोनवरून फॉर्म भरून पाहावा. आलेला ईमेल जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’नं उघडला की, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कपुढे ‘पास’ आहे का, ते दिसतं.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्या स्वतः दारात उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं पोहोचलंच नाही, असं कुणी म्हणू शकत नव्हतं. आज उमरखेडच्या किंवा पांढरकवड्याच्या एखादीला आपल्या कार्यालयापर्यंत येणं जमत नसेल. घरातले झोपल्यावर ती फोनवर चार ओळी लिहील, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही. तिचे शब्द ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती हरवली, तर ‘सर्व्हरचा दोष’ म्हणून सुटता येणार नाही.

तुम्ही एखाद्या मंडळाची, ग्रंथालयाची, बचत गटाची साइट सांभाळत असाल, तर आज तिचा फॉर्म स्वतः भरा. ईमेल आला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ‘धन्यवाद’ची ती ओळ काढून तिथे फोन नंबर टाका.