जात राज्याबाहेर जाते, मग हक्क का नाही?

नीटचा निकाल लागला की आपली पोरं विचारतात, राज्याबाहेरचं कॉलेज भरू का? आम्ही म्हणतो, बिनधास्त भरा. पण कोणत्या कोट्यातून ते आधी बघा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि एम्स, इथे आपला अनुसूचित जातीचा दाखला देशभर चालतो. पाटणा, गुवाहाटी लांब म्हणून गाळू नका. दुसऱ्या राज्याच्या कोट्यात मात्र आपल्याला बहुधा शिरकावच नाही. कुठे खासगी जागा मिळालीच तर खुल्यातून. अभिमत विद्यापीठांत तर आरक्षणच नाही, वर फी लाखांत.

१९९० साली मुंबईच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : आंध्रातला अनुसूचित जमातीचा विद्यार्थी महाराष्ट्रात त्या जमातीचा धरता येणार नाही. आधार काय, तर याद्या राज्यवार आहेत. याद्या राज्यवार असतील, पण होस्टेलवर आडनाव विचारणारा राज्याची हद्द बघून विचारतो का? बाप नोकरीसाठी राज्य बदलतो आणि पोराचा हक्क जुन्या गावी राहतो, हा कुठला न्याय?

ही लढाई लांबची आहे. तोवर केंद्रीय नमुन्यातला दाखला आजच काढायला टाका. काउन्सेलिंग सुरू झाल्यावर सेतूच्या खेपा घालून जागा गेलेली आम्ही पाहिली आहे.