स्वस्त हत्यारें खरोखर स्वस्त असतात काय?

बैल घेतांना आपला शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि चार जाणत्या माणसांचा सल्ला घेतल्यावांचून इसार देत नाहीं. कोयता घेतांना तो धारेवरून नख फिरवितो व लोहारानें पाणी कसें दिलें आहे याची चौकशी करतो. परंतु तोच शेतकरी पाना, पक्कड किंवा डिसमिस घ्यावयास गेला म्हणजे पेटीची चकाकी आणि दुकानदारानें सांगितलेला भाव एवढ्यावरच सौदा पुरा करतो. गोष्ट लहान दिसते. पण शिरूर व दौंड तालुक्यांतील बागाईत ज्या यंत्रांवर उभी आहे, तीं यंत्रें याच हत्यारांच्या जिवावर चालतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

चिंचणीच्या घोड धरणाचें पाणी असो, भीमेवरील उपसा असो कीं मुठा उजव्या कालव्याखालील विहीर असो, पाणी पिकापर्यंत पोंचतें तें पंपानें. पूर्वीं मोटेचा नाडा तुटला तर घरचाच दुसरा नाडा लावून काम निभावतां येत असे. आज पंपाची एक चाकी अडली तर सगळा मळा अडतो.

प्रस्तुत लेखकानें एकदां बाजारांतून बारा पान्यांची एक चकचकीत पेटी फार स्वस्तांत मिळाली म्हणून घेतली. त्याच वैशाखांत पंपाचा फ्लँज गळूं लागला. रात्रीच्या पाळीची वीज येण्यास दोन तास होते. पाना लावून जोर दिला तों त्याचें तोंड फांकलें आणि चाकीचे कोपरे गोल झाले. मग दुसरा कोणताहि पाना तिला धरीना. छिन्नीनें चाकी फोडून नवा बोल्ट बसेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली व पाण्याची पाळी गेली. उसानें तें सोसलें, शेजारच्या वाफ्यांतील काकडीनें सोसलें नाहीं. पेटी घेतांना जें वांचलें होतें, त्याच्या कितीतरी पट एका रात्रींत गेलें.

मग पारख कशी करावी? पहिली गोष्ट ही कीं, पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' अशीं अक्षरें आहेत एवढ्यानें तें पोलाद तसें ठरत नाहीं. अक्षरें कोरण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. पुष्कळ मालावर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. दुतोंडी पान्यांसाठीं २०२८ व पकडींसाठीं ३६५० हे क्रमांक ध्यानांत ठेवावे. परंतु नुसता क्रमांक छापणें वेगळें आणि मानक ब्यूरोचा परवाना असणें वेगळें. मानकचिन्हाखालीं परवान्याचा क्रमांक असल्यास तो ब्यूरोच्या मोबाइल ॲपवरून दुकानांतच पडताळून घ्यावा.

दुसरी गोष्ट मापाची. इंग्लंडांत व्हिटवर्थनें १८४१ सालीं आट्यांचें प्रमाण सुचविलें, आणि इंची मापाचे बोल्ट आपल्या जुन्या इंजिनांवर अजून सांपडतात. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आलीं. त्यामुळें एकाच मळ्यांत दोन्ही मापें नांदतात. ११/१६ इंच म्हणजे सुमारें १७.४६ मिलिमीटर. हा पाना १७ मिलिमीटरच्या चाकीवर सहज बसतो, पण जवळजवळ अर्धा मिलिमीटर ढिला राहतो, व तेवढा ढिलेपणा कोपरे खाण्यास पुरतो. म्हणून बाजारांत जातांना आपल्या पंपाची एक चाकी खिशांत न्यावी आणि पाना तिच्यावर बसवून हलवून पाहावा.

तिसरी गोष्ट घडणीची. दुकानदाराच्या परवानगीनें पान्याच्या आडबाजूस कानस ओढावी; मऊ लोखंडांत ती लोण्यासारखी शिरते, पाणी दिलेल्या पोलादास ती झटून लावावी लागते. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कापण्याच्या धारांमधून फट दिसली तर ती ठेवून द्यावी. स्क्रू पान्याचा हलता जबडा चाळवून पाहावा. खुळखुळत असेल तर त्याचा उपयोग नाहीं. चांगल्या स्क्रू पान्याचाहि जोर नेहमीं स्थिर जबड्यावर पडेल असाच धरावा.

यावर कोणी म्हणेल कीं, लहान शेतकऱ्यास उंची माल परवडत नाहीं. हें खरें आहे. परंतु सर्वच हत्यारें उंची घ्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं. नियम सोपा आहे. जें हत्यार निसटल्यानें चाकी बिघडते किंवा हात फुटतो, तें उत्तम घ्यावें. ज्याच्या बिघाडानें तें एकटेंच वायां जातें, तें स्वस्त चालेल. पाने, पक्कड, डिसमिस, छिन्नी व हातोडा पहिल्या वर्गांत येतात. तेलाची बुधली, ग्रीसची पिचकारी, करवतीची चौकट दुसऱ्या वर्गांत. बारा नगांच्या हलक्या पेटीपेक्षां रोज लागणारे पांच-सहा पाने सुटे व चांगले घ्यावे. त्यांतहि अडलेल्या चाकीसाठीं रिंग पाना घ्यावा. दुतोंडी पाना चाकीस दोनच बाजूंनीं धरतो, रिंग पाना चोहों बाजूंनीं.

उलट, महाग तें सर्व चांगलें असेंहि नाहीं. आणि उत्तम हत्यारहि वाईट हातांत टिकत नाहीं. २० सेंटिमीटरच्या पान्यास नळी घालून ६० सेंटिमीटर लांब केला तर त्यावरचा भार तिप्पट होतो. मग तो मोडला तर दोष कारखान्याचा नव्हे. त्यापेक्षां आट्यांवर रात्रीं तेल सोडून ठेवावें आणि सकाळीं हात घालावा.

मोठा पाईप पाना, चेनकप्पी व बेअरिंग काढण्याचा पुलर हीं वर्षांतून एक-दोनदांच लागतात. तीं पांच-दहा शेजाऱ्यांनीं मिळून घ्यावीं व नोंदवही ठेवून वापरावीं. वाटा द्यावयाचा म्हटला म्हणजे उत्तम माल कोणास जड जात नाहीं.

किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल या भीतीनें आपल्या वाडवडिलांनीं तो घेण्यास आढेवेढे घेतले. तो संशय चुकीचा होता. पण घेतलेल्या वस्तूचा विचार करण्याची ती संवय चुकीची नव्हती. त्यांनीं चांगल्या लोखंडावर अविश्वास ठेवला. आपण चकाकणाऱ्या कोणत्याहि लोखंडावर विश्वास ठेवतों. पुढच्या खेपेस बाजारांत जातांना खिशांत एक चाकी, पिशवींत एक कानस आणि बैल घेतांना जी नजर असते ती नजर, एवढें न्यावें, इतकेंच आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.